‘नवा पिस्टन टाकलाय’

विकणाऱ्याने मला एकही वाक्य खोटं सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण जुनी स्नोमोबाइल (रबरी पट्ट्यावर धावणारी बर्फावरची गाडी) घेताना फसलेल्यांच्या गोष्टी मी भरपूर ऐकल्या होत्या आणि त्यांतला विकणारा नेहमी थापाड्या असायचा. माझा तसा नव्हता. शांत माणूस, बोटांना ग्रीस, हत्यारं जागच्या जागी टांगलेली. मी जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं आणि नंतर पडताळून पाहिलं तर प्रत्येक उत्तर खरं निघालं. तरीही गाडी घरी आणल्यापासून सोळाव्या दिवशी इंजिन बसलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटला.

गाडी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, ६०० सीसीच्या वर्गातली, पाण्याने थंड होणारी, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या दोन कार्ब्युरेटरची. टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्या माणसाला असं इंजिन परकं वाटत नाही. पेट्रोलबरोबर तेलही जळतं, निळसर धूर येतो, व्हॉल्व्हची भानगड नाही. ‘आपल्याला यातलं कळतं’ हा माझा समज तिथूनच आलेला. यातलं काहीच न कळणारा माणूस निदान एखाद्या मेकॅनिकला सोबत घेऊन गेला असता.

मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. ‘तुम्ही येणार म्हणून आत्ताच जरा चालवून ठेवली,’ तो म्हणाला. मला ते अगत्य वाटलं! त्याने दोरी ओढली, पहिल्याच ओढीत गाडी सुरू. रेस दिली की आवाज खणखणीत. डॅशवरचा चोकचा (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा) खटका मधल्या खाचेत होता. तीन खाचा असतात: बंद, अर्धा, पूर्ण. तो अर्ध्यावर होता हे मला दिसलं, पण बाहेर थंडी आहे, असेल तसा, म्हणून सोडून दिलं. गरम इंजिनाला अर्धा चोक कशाला लागतो, हा प्रश्न मला घरी परतल्यावरही पडला नाही. तो पडला गाडी उघडल्यावर.

मग त्याने स्वतःहून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, मोजून दाखवलं. दोन्ही प्लग काढले, गेज लावला, रेसचा थ्रॉटल पूर्ण दाबून धरला (हे बरोबर, थ्रॉटल बंद ठेवला तर आकडा कमी येतो) आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढत राहिला. एकात १२५ पीएसआय (दाबाचं एकक), दुसऱ्यात ११८. या जातीच्या इंजिनांना १२० च्या आसपासचा आकडा चांगला समजतात, आणि दोन सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला की पुरतं. प्लगही नवेकोरे होते. आणि मग तो म्हणाला, ‘नवा पिस्टन टाकलाय मागच्या मोसमात.’

या वाक्यावर मी गाडी घेतली. त्यात दोन गोष्टी दडलेल्या होत्या. एक, तो ‘पिस्टन’ म्हणाला आणि मी मनात दोन्ही पिस्टन धरून चाललो. समोर दोन सिलिंडर दिसत असूनही कुठला पिस्टन, हे विचारलं नाही. दुसरी गोष्ट मोठी, तिच्याकडे पुढे येतो.

चालवून बघू म्हटलं तर त्याने अंगणातल्या चार बोटं पातळ बर्फावरून दोन फेऱ्या मारू दिल्या आणि थांबवलं. ‘बर्फ कमी आहे, गरम होईल.’ हेही खरंच! या गाड्यांचा रेडिएटर म्हणजे पट्ट्याच्या वर, बोगद्यासारख्या चॅसीच्या आत बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पट्टा फिरताना जो बर्फ उडवतो त्यानेच त्या थंड होतात. बर्फ नसेल तर पाणी तापतं आणि पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून सरकतो तीही वितळते. म्हणजे त्याची सबब पुस्तकात शोभेल अशी होती. फक्त त्या सबबीमुळे इंजिनावर भार असा पडलाच नाही.

चॅसीवर कोरलेला नंबर कागदांशी जुळवला, बरोबर होता. ‘आहे त्या स्थितीत विकत घेत आहे’ अशा ओळीखाली सही केली. 

पहिल्या थंड सकाळी सुरू करायला मला पंचवीस-तीस वेळा दोरी ओढावी लागली. खांदा भरून आला. सुरू झाल्यावर आणखी एक विचित्र गोष्ट: अंगठ्याने थ्रॉटल दाबून सोडला की रेस लगेच खाली यायला हवी, ती तीन हजारांवर लोंबकळत राहायची आणि मग सावकाश, नाइलाजाने, पंधराशेवर उतरायची. या गाड्यांचा क्लच मिनिटाला साधारण ३,५०० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान पट्टा फिरवणारा बेल्ट पकडतो. रेस आणखी थोडी वर अडकली असती तर मी शेजारी उभा असताना गाडी आपसूक चालू लागली असती. चोक अर्धा ओढला की मात्र रेस शहाण्यासारखी खाली यायची. मला वाटलं, केबल आखडली असेल. केबलला तेल घातलं. हसू नका.

सोळाव्या दिवशी कडाक्याची थंडी पडली, आम्ही गाडी घेतली त्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त. गोठलेल्या तळ्यावर सपाट बर्फ होता, मी थ्रॉटल पूर्ण दाबला आणि दाबून धरला. पहिल्यांदा आवाज बदलला, जरा किरटा झाला, आणि गाडी कधी नव्हे ती जोरात पळाली. मिश्रणातलं पेट्रोल कमी पडू लागलं की बसण्याआधी काही क्षण इंजिन असं पळतं, हे मला नंतर कळलं. मग एक आखूड चीत्कार, आणि शांतता. क्लचने बेल्ट सोडला होता, गाडी नुसती घसरत राहिली. बर्फावर मागे रेषा काढत ती थांबली तेव्हा मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता. किनारा दिसत होता पण जवळ नव्हता. अर्ध्या तासाने इंजिन निवलं, दोरी हलली, पण इतकी हलकी की पोटात गोळा आला. एका सिलिंडरवर फडफडत, भांडी बडवल्यासारखा आवाज करत तिने मला काठाच्या अलीकडे आणून सोडलं. उरलेलं चालत. वारा समोरून.

कॉम्प्रेशन मोजलं. एका बाजूला तेच ११८. दुसऱ्या बाजूला ८०.

बसलेली बाजू होती १२५ वाली. म्हणजे नव्या पिस्टनची.

इथे माझा एक मित्र आला, टू-स्ट्रोक इंजिनं उघडण्यात ज्याची उमर गेली आहे. मी हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढायला पाना उचलला तर म्हणाला, ‘थांब रे, आधी खिडकीतून बघू.’ एक्झॉस्टचा पाइप स्प्रिंगांवर अडकवलेला असतो, तो हुकाने ओढून काढला. मग सिलिंडरला जोडलेला एक्झॉस्टचा दुतोंडी तुकडा सोडवला आणि विजेरी आत धरून दोरी हळूहळू ओढली. एक्झॉस्टच्या खिडकीसमोरून पिस्टन वर जाताना दिसतो. चांगला पिस्टन करड्या साटिनसारखा दिसतो, त्यावर घडणीच्या बारीक आडव्या रेषा. डावा तसा होता. उजव्यावर उभे ओरखडे, रिंग एका जागी पिस्टनच्या धातूने लिंपून टाकलेली. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या टोकावर मीठ भुरभुरल्यासारखे चकचकीत कण होते. ते ॲल्युमिनियम, पिस्टनचं. प्लग स्वतः खडूसारखा पांढरा. डावीकडचा प्लग बिस्किटी रंगाचा, जसा हवा तसा.

या बघण्याला पाव तास लागला. विकत घेताना तो मी मागून घेऊ शकलो असतो. काही इंजिनांत एक्झॉस्टची खिडकी लहानमोठी करणारे पॉवर व्हॉल्व्ह असतात, त्यांत तर पाइपही हलवावा लागत नाही. झाकण काढून व्हॉल्व्ह बाहेर ओढला की तीच खिडकी.

हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यांवरचा फरक इतका उघड होता की मी खाली बसलो. डाव्याच्या माथ्यावर वर्षानुवर्षांचा काळा कार्बन, उजव्याच्या माथ्यावर नव्या पिस्टनचा बाण आणि शिक्का अजून स्पष्ट वाचता येत होता. म्हणजे एकच बदललेला. उजव्या सिलिंडरच्या भिंतीवर आणखी जुनी गोष्ट लिहिलेली होती: एक्झॉस्टच्या खिडकीच्या कडेला ॲल्युमिनियमचा जुना, घासून-पुसून पातळ केलेला ओघळ. आतली भिंत निकासिल या कठीण मुलाम्याची असते. पिस्टन चिकटला की त्याचं ॲल्युमिनियम तिच्यावर लिंपलं जातं, आणि ते ॲसिडने धुऊन काढता येतं. मुलामा शाबूत असेल तर नवा पिस्टन घालून इंजिन परत चालतं. कोणीतरी तसंच केलं होतं, कडेचा ओघळ राहून गेला होता.

म्हणजे या बाजूचा पिस्टन पहिल्यांदाच बसला नव्हता. आणि आता ती मोठी गोष्ट: नवा पिस्टन टाकला म्हणजे जुना मेला होता. तो कशाने मेला?

मित्राने पिस्टन हातात फिरवून पाहिला. थंड इंजिन एकदम पळवलं तर पिस्टन भिंतीपेक्षा लवकर फुगतो आणि चार कोपऱ्यांवर ओरखडे उमटतात. इथे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते, म्हणजे मिश्रण पातळ होऊन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त होऊन पिस्टन अति तापलेला. तेलाचा पंप पाहिला, दोन्ही नळ्यांतून तेल येत होतं. पेट्रोलचा पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पेटीच्या) धडधडीवर चालतो, त्याचा पडदा फाटला तर सहसा दोन्ही सिलिंडर उपाशी राहतात. इथे एकच मेला होता. तेव्हा कार्ब्युरेटर उघडले.

डाव्यात ३२० चा मेन जेट. उजव्यात ३६० चा.

जेटचा आकडा मोठा म्हणजे भोक मोठं, पेट्रोल जास्त. काही मॉडेलांत कंपनीच दोन बाजूंना थोडे वेगळे जेट देते, म्हणून आम्ही सर्व्हिसचा तक्ता काढून पाहिला. या गाडीला दोन्हीकडे ३२० सांगितला होता. उजवीकडे कोणीतरी जाणूनबुजून पेट्रोल वाढवलं होतं. आणि तो कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरी बुटाच्या मुळाशी, बोट घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, काळ्या सिलिकॉनचा लेप होता. इंजिन कुठून तरी हवा ओढतंय हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. त्याने आधी बुटावर संशय घेतला, लेप दिला, भागलं नाही, मग मोठा जेट घालून ओढलेल्या हवेची बरोबरी केली, आणि उरलेलं अर्ध्या चोकवर भागवलं. तो ज्या हवेत गाडी चालवून दाखवत होता त्या हवेत ते हिशेब जुळत होते. थंडी वाढली की हवा घट्ट होते, त्याच जेटमध्ये मिश्रण आणखी पातळ पडतं. तळ्यावर तेच झालं.

हवा नेमकी कुठून येत होती ते शोधायला आम्ही प्रेशर टेस्ट केली, आणि फसवणुकीचा खरा गाभा तिथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जात नाही. आधी खाली क्रँककेसमध्ये जातं आणि पिस्टन खाली येताना ते वर ढकलतो. म्हणून क्रँककेस हवाबंद असावीच लागते. कॉम्प्रेशनचा गेज फक्त पिस्टनच्या वरचं मोजतो. खाली चाळण झालेली असली तरी त्याला पत्ता नसतो. १२५ चा आकडा खरा होता, आणि मला हवं होतं त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नव्हता.

इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद केली. मित्राने रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि लहान गेज जोडून घरीच बनवलेलं साधन आणलं होतं. ६ पीएसआयपर्यंत हवा भरली. यापेक्षा फार भरू नये, चांगली सीलं उलटतात. मिनिटाला एखादा पीएसआय उतरला तर चालतं. दोन सिलिंडरांच्या क्रँककेस मधल्या सीलने वेगळ्या केलेल्या असतात, म्हणून एकेक बाजू तपासायची. डाव्या बाजूचा काटा जागचा हलला नाही. उजव्या बाजूचा काटा आम्ही बघत असताना पाच-सात सेकंदांत शून्यावर आला. साबणाचं पाणी शिंपडलं. सिलिकॉनच्या लेपाशी एक-दोन बुडबुडे. क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या मागे मात्र फेस उकळू लागला, कपड्यांच्या बादलीसारखा.

क्रँकचं ऑइल सील. हाताच्या तळव्यात मावणारी रबरी चकती.

ती त्याने का बदलली नाही हेही समजलं. पिस्टन बदलायला इंजिन गाडीतून काढावं लागत नाही, सवय असेल तर एका दुपारचं काम. पण पुष्कळ इंजिनांत या सीलची कड क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमधल्या खाचेत अडकवलेली असते. ती बदलायची तर इंजिन बाहेर काढायचं, फ्लायव्हील पुलरने ओढायचं, केस दुभंगायची. म्हणजे पिस्टन स्वस्तातली मलमपट्टी होती, आणि तीच मला दुरुस्ती म्हणून विकली गेली.

मी त्याला फोन केला. ओरडायचं ठरवून केला होता. तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही गरम न करता पळवली असेल.’ मी ओरखडे एकाच बाजूला आहेत म्हणून सांगितलं. दोन वेगळे जेट सांगितले. थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, ‘पिस्टन नवा टाकलाय हे मी सांगितलं होतं. का टाकला ते तुम्ही विचारलंच नाही.’ आणि सहीची आठवण करून दिली. यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

आता जे घेणार आहेत त्यांच्यासाठी, मला जे महागात पडलं ते. जायच्या आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि पोचल्यावर बोलण्याआधी बॉनेट उघडून सिलिंडरला हात लावा. गरम लागलं तर हात पुसा आणि निवेपर्यंत थांबा, किंवा परत या. थंड इंजिन किती ओढींत सुरू होतं ते स्वतः दोरी ओढून पाहा. गरम झाल्यावर चोकचा खटका स्वतःच्या हाताने पूर्ण बंद करा, थ्रॉटल दोन-तीनदा चटकन दाबून सोडा आणि रेस कशी उतरते त्याकडे लक्ष द्या. दगडासारखी खाली पडली पाहिजे. लोंबकळली तर केबल आहे असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मी स्वतः म्हटलं होतं. प्लग नवे असतील तर जुने मागा. नवे प्लग म्हणजे पुसलेली पाटी. जुने फेकले असतील तर तेही एक उत्तर आहे. गेज आपला न्या. लांब नळीचे गेज आकडा कमी दाखवतात, आणि सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं की आकडा वाढतो, म्हणून आकड्यापेक्षा दोन बाजूंची तुलना आणि प्लगच्या भोकातून आत दिसणारा ओलेपणा पाहा. इंजिन उघडलेलं आहे असं कोणी सांगितलं तर प्रेशर टेस्ट केली होती का, हे विचारा. ज्याने इमानाने काम केलं आहे त्याला हा प्रश्न आवडतो, तो आकडा सांगेल. दुसरा म्हणेल, ‘त्याची काय गरज?’

बर्फ नाही म्हणून चालवता येत नाही, हे कारण खरं असतं. तेव्हा बर्फ पडेपर्यंत गाडी घेऊ नका, इतकंच.

इंजिन आम्ही बाहेर काढलं. सगळी सीलं, दोन्ही पिस्टन, दोन्ही बूट, आणि दोन्हीकडे ३२० चे जेट. केस बंद केल्यावर ६ पीएसआय भरून मित्र चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा काटा तिथेच होता. ‘आता प्लग लाव,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड, चौथ्या ओढीला सुरू झाली. गरम झाल्यावर चोक बंद केला, अंगठा दाबला, सोडला. रेस टपकन खाली आली. मी उगीचच आणखी सात-आठ वेळा तेच करत बसलो.